एकास शंभर मापाची पाणबुडी

माझ्या खोलीत पाणबुडी होती, असं आता कुणाला सांगितलं तर हसतात. तेव्हाही हसायचे. परभणीत, जिथं उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी यायचं नाही, तिथं एका शिवणक्लासच्या बाईनं टेबलावर दोन हात लांबीची पाणबुडी मांडून बसावं, हे हसण्यासारखंच होतं. हसा म्हणावं. हसणाऱ्यांचं मला कधी काही वाटलं नाही. मापात चुकणाऱ्यांचं मात्र लय वाटतं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींना विचारा, ब्लाउजचा मुंढा एक सूत इकडंतिकडं झाला तर मी अख्खी शिलाई उसवायला लावायची. "बाई लय खवट हाय," असं त्या पाठीमागं म्हणायच्या, आणि ते मला चांगलं ऐकू यायचं.

आमचे हे नेव्हीत होते, पाणबुडीवर. यांचं गाव ताडकळसच्या पुढं दोन कोसांवर. नामांतराच्या पहिल्या वर्षी जी जाळपोळ झाली, तीत त्या गावातली आमची बौद्धवाड्यातली घरं पेटवली होती. सासऱ्यांचं घरही गेलं. विद्यापीठाला एक नाव द्या म्हणणारे कुठं औरंगाबादला, आणि जळालं कुणाचं, तर ज्यांनी विद्यापीठाची पायरी बघितली नव्हती त्यांचं. त्यानंतर गावानं वाड्याशी बोलणं टाकलं, दुकानदारानं मीठ देणं बंद केलं. हे तेव्हा नोकरीवर होते. पुढच्या सुट्टीत पांढऱ्या ड्रेसवर, छातीला पाणबुडीचा पितळी बिल्ला लावून गावात उतरले, तर त्याच लोकांनी पारावर सरकून बसायला जागा दिली. शाळेच्या हेडमास्तरांनी पंधरा ऑगस्टला यांना झेंड्यापाशी उभं केलं आणि पोरांना सांगितलं, की हा आपल्या गावचा माणूस समुद्राच्या खालून जातो.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची; हे त्यांना आबा म्हणत. मामा तसे कमी बोलणारे. पण त्या दिवसापासून त्यांचा एक नेम झाला. ताडकळसच्या बाजारात जायचं, हॉटेलच्या बाकड्यावर बसायचं आणि कुणी पोराचं विचारलं, की बिडी विझवून सांगायचं, "पोरगा पाण्याखाली हाय." त्यांनी घर परत उभं केलं ते या वाक्यावर, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

आमचं लग्न त्याच्या दोन वर्षांनंतरचं. लग्नाच्या मांडवातच कुणीतरी यांना विचारलं, की सूनबाईला कधी घेऊन जाणार. हे म्हणाले, पाणबुडीवाल्यांना क्वार्टर लवकर मिळत नाही, नंबर लागावा लागतो. एवढंच म्हणाले. गावात पोचेपर्यंत त्याचं झालं, पाणबुडीवाल्यांना क्वार्टर नसतंच. माणूस पाण्याखाली, तर बायकोनं तिथं करायचं काय? सगळ्यांना पटलं. आमच्याकडं समुद्र कुणी बघितला होता? मलाही पटलं. मी टेप घेतल्याशिवाय रुमालसुद्धा न कापणारी बाई, आणि हे वाक्य मी कधी तपासून बघितलं नाही. कर्म माझं.

मला शिवणक्लासवर नोकरी होती, म्हणून मी परभणीत खोली घेऊन राहिले. माहेरी भाऊ-भावजय होते, त्यांचं त्यांना पुरे होतं. हे वर्षातून एकदा यायचे. दिवसभर चाळीस मुलींशी ओरडून घसा बसायचा आणि खोलीचं कुलूप काढलं, की बोलायला कुणी नाही. एकटीसाठी भाकरी थापायचा कंटाळा यायचा. मी दोन वेळचं एकदाच करून ठेवायची आणि संध्याकाळी भिंतीकडं तोंड करून खायची, कारण खिडकीतून घरमालकीण बघायची आणि विचारायची, काही नवीन आहे का. नवीन काय असणार, डोंबल? नवरा अकरा महिने विशाखापट्टणमला. मला मूल पाहिजे होतं, नवरा पाहिजे होता, रागवायला तरी कुणी घरात पाहिजे होतं. मला तिथं, यांच्याजवळ जायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी सुट्टीवर येताना यांनी गोणपाटात गुंडाळलेलं एक लांबट बोचकं आणलं. मला वाटलं माझ्यासाठी काही असेल. उघडलं तर पन्हाळीसारखी फायबरची दोन टरफलं, एक वरचं आणि एक खालचं, मधल्या मनोऱ्याचं एक छोटं खोकं, आणि गुंडाळी केलेला मोठा नकाशा. तिथल्या गोदीतून रिटायर झालेला एक म्हातारा ही टरफलं ओतून विकायचा. तो टरफलं तेवढी देणार. दांड्या, पंखे, कठडे, झाकणं सगळं घेणाऱ्यानं आपल्या हातानं नकाशाबरहुकूम करायचं. माप एकास शंभर. खऱ्या बोटीचा एक मीटर म्हणजे इथं एक सेंटिमीटर. "आपण दोघं करू," हे म्हणाले. "दर सुट्टीला थोडं थोडं."

त्या सुट्टीत आम्ही दोन्ही टरफलं जोडली. आत प्लायवुडच्या फासळ्या बसवल्या, कडांना रेझिन लावलं, आणि ते वाळेपर्यंत टरफलं घट्ट धरायला काही सापडेना, तेव्हा माझ्या परकरांच्या नाड्या काढून बोटीला जागोजाग आवळून बांधल्या. सगळ्या नाड्या बोटीला गेल्या आणि मी दोन दिवस सुतळी बांधून फिरले. हे इतके हसले, की घरमालकीण बघायला आली. मग मी विचारलं, यात तुम्ही झोपता कुठं? यांनी पेन्सिल घेतली आणि बोटीच्या नाकापासून आठ सेंटिमीटरवर फायबरवरच एक फुली मारली. तिथं टॉर्पेडो ठेवतात, त्याच्या वरच्या फळीवर, म्हणाले. कूस बदलायची तर खांदा वरच्या पाइपला लागतो. मी त्या फुलीवर बोट ठेवून बघितलं. त्या पंधरा दिवसांत आम्ही जेवढं बोललो, तेवढं लग्नापासून कधी बोललो नव्हतो.

हे परत गेले. दर सुट्टीला थोडं थोडं असं ठरलं होतं, पण मला कुठला दम? पुढच्याच रविवारी मी हत्यारं काढली. खरं सांगायचं तर त्या बोटीला हात लावला, की यांच्या घरात काहीतरी आवराआवर करते आहे असं वाटायचं. सांध्यावर पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारून मारून सांधा बोटाला लागेनासा केला. फायबरची धूळ अंगभर खाजायची. मनोऱ्यातल्या दांड्यांना स्वेटरच्या सुया कापल्या, कठड्याला सायकलच्या चाकाच्या तारा, आणि मागच्या तीन पंख्यांची पाती पावडरच्या डब्याच्या पत्र्यातून कातरली. एकेक पातं नकाशावर ठेवून बघायचं आणि बसलं नाही तर टाकून द्यायचं. माप बरोबर आहे का बघायला मी पुठ्ठ्याचा एक माणूसही कापला होता, यांच्या उंचीचा, म्हणजे सतरा मिलिमीटरचा. तो डेकवर उभा करून बघायची, कठडा त्याच्या कमरेला येतो का.

सगळ्यात वेळखाऊ काम भोकांचं. बोटीच्या दोन्ही अंगांना लांबट फटींच्या ओळी असतात, बोट खाली जाताना त्यांतून पाणी आत शिरतं. नकाशावर मी त्या मोजल्या, तर उजवीकडच्या आणि डावीकडच्या सारख्या नव्हत्या. दुसऱ्या कुणी सरळ सारख्या करून टाकल्या असत्या. मला ते जमत नाही. मी यांना पत्र लिहिलं, की मनोऱ्याच्या मागं डाव्या बाजूला नकाशावर शाई पसरली आहे, तिथं फटी किती, मोजून कळवा. उत्तर आलं, मोजलेलं. मग प्रत्येक फटीला हातड्रिलनं टोकाशी दोन भोकं पाडायची आणि मधलं तिकोनी कानशीनं खायचं. एका रविवारी पाच फटी झाल्या तर डोक्यावरून पाणी. दोन उन्हाळे मी त्या फटींत घालवले.

आता ही पत्रं. मी यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. आमच्या वेळी असंच होतं. नवऱ्याला पत्रात 'तुमची आठवण येते' असं लिहिणारी बाई मी तरी बघितली नव्हती, आणि वर कुणीतरी सांगून ठेवलेलं, की नेव्हीत साहेब लोक पत्रं फोडून वाचतात. मग मी लिहिणार काय? मी बोटीची चौकशी करायची. डेकचा काळा रंग निव्वळ काळा की राखेकडं झुकणारा. नांगर कुठल्या अंगाला. मागच्या झाकणाची बिजागरी पुढून की मागून. माझ्या मनात त्याचा अर्थ एवढाच असायचा, की तुम्ही कसे आहात, माझी आठवण काढता का, मला कधी नेता. दर आठवड्याला एक अंतर्देशीय, त्यात चार प्रश्न, आणि खाली 'मामांची तब्येत बरी आहे'. मला वाटायचं, त्यांना कळत असेल.

पहिली दोन वर्षं उत्तरं नेमकी यायची, कधी बाजूला छोटं चित्र काढलेलं. मग ती ढिली पडली. 'आधी सांगितलं तसंच आहे.' 'तुला बरं दिसेल तसं कर.' बरं दिसेल तसं? मला इतका राग आला, की तीन आठवडे मी पत्रच टाकलं नाही, आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा चार प्रश्न लिहिले. एकदा मुद्दाम विचारलं, की बोटीत काही बदल झाला असेल तर सांगा, म्हणजे मी तसा करते. यांनी लिहिलं, काही बदललं नाही, होती तशीच आहे. सुट्टीवर आले तरी बोटीकडं पाठ करून बसायचे. मी दाखवायला घेतलं, तर "छान झालंय" म्हणून पेपर उचलायचे. मला वाटलं, कंटाळले. रोजचंच आहे, त्यांना त्याचं काय कौतुक? मग वाटलं, माझाच कंटाळा आला. हे दुसरं जास्त टोचत राहिलं.

क्वार्टरचं मी वर्षातून एकदा विचारायची, निघायच्या आदल्या दिवशी. हे म्हणायचे, "पाणबुडीवाल्यांचं तुला माहितीय की." दुसऱ्या दिवशी मी यांना स्टेशनवर पोचवून तशीच क्लासला जायची.

बोचकं आल्यापासून अशी पाच वर्षं गेली आणि बोट जवळजवळ पुरी झाली. रंगाचे तीन हात झाले, फुली रंगाखाली गेली, पण कुठं आहे ते माझ्या बोटाला पाठ होतं. त्या साली उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी दारात एक माणूस आला. पाथरीकडचा, यांच्याच बरोबर भरती झालेला आणि त्याच बोटीवर असलेला. सुट्टीवर घरी चालला होता, यांनी माझ्यासाठी दिलेली साडी पोचवायला उतरला होता. मी पाण्याचा तांब्या आणून बघते, तर हा गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून बोटीच्या अंगावरून नजर फिरवत होता. कुणी केली म्हणून विचारलं. मी केली म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. फटींवरून बोट फिरवत म्हणाला, आमच्या बेसमध्ये साहेबांच्या टेबलावर आहे ती हिच्यापुढं काहीच नाही. मला पाच वर्षांत कुणी एवढं बोललं नव्हतं. मी फुगले, खोटं कशाला बोलू.

"फक्त ही एक दांडी जुनी झाली, वहिनी," तो म्हणाला. "आता ती पुढं घेतलीय. मोठी दुरुस्ती झाली ना, तवा."

मी म्हटलं, असं कसं, मी यांना पत्रात विचारलं होतं, काही बदललं नाही म्हणून यांनी स्वतः कळवलंय.

"त्यान्ला कसं ठाऊक असंल? दुरुस्तीच्या आधीच ते बोट सोडून वर आले की. तीन वर्षं झाली, स्टोअरला हायत." आणि माझ्या तोंडाकडं न बघता, बोटीकडंच बघत तो पुढं बोलला, "तुमी मातर यायला पायजे व्हतं. आमची मंडळी तितंच हाय, क्वार्टरमधी. रोज तुमचं इचारती. पण भाऊ म्हणतेत, तिला नोकरी सोडवत न्हाई."

मी चहा केला. तो प्यायला, पाथरीची जीप चुकेल म्हणून उठला आणि गेला. आपण काय सांगून चाललोय, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. दार लावलं आणि सगळ्यात आधी मी ती दांडी पक्कडीनं उपटून पुढं बसवली, कारण चूक डोळ्यांसमोर राहिलेली मला सहन होत नाही. मग खाली बसले आणि रडले. हुंदके देऊन, घरमालकीण ऐकेल याची पर्वा न करता रडले. इथं सांगायचं, पाणबुडीवाल्यांना क्वार्टर नसतं, आणि तिथं सांगायचं, बायको यायला तयार नाही. दोन्हीकडून मीच बाहेर.

पुढच्या बाजाराच्या दिवशी क्लासला सुट्टी टाकली आणि एसटीनं ताडकळसला गेले. मामांना सगळं सांगायचं, असं बसमध्ये पक्कं ठरवलं होतं. तुमच्या पोरानं तुम्हाला, मला, गावाला फसवलंय, असं शब्दन् शब्द जुळवून ठेवलं होतं. मामा हॉटेलच्या बाकड्यावर होते. शेजारी गावातले तिघं-चौघं बसले होते, त्यांत ज्या दुकानदारानं त्या वर्षी मीठ बंद केलं होतं तोही होता. मामांनी मला बघितलं आणि चेहरा असा उजळला, की मी शेवटची पावलं हळू टाकली. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय म्हणतंय पत्र, माय? खाली हाय का वर?"

"खाली आहेत, मामा," मी म्हटलं.

दुकानदारानं मान हलवली. मामांनी माझ्यासाठी चहा सांगितला. परतीच्या बसमध्ये मला माझाच राग आला, पण खरं सांगितलं असतं तर त्याहून जास्त आला असता. तिथून पुढं यांच्या खोट्यात मीही आले. पत्रं लिहीत राहिले. बोटीचेच प्रश्न लिहिले, साडी घेऊन आलेल्या माणसाचं काही लिहिलं नाही. मला यांचं तोंड बघून विचारायचं होतं.

हे दिवाळीनंतर सुट्टीवर आले. सकाळच्या गाडीनं उतरले, अंघोळ झाली, चहा झाला. मी म्हटलं, "मागची दांडी पुढं घेतली, बघितली का?" यांनी मान वळवून बोटीकडं बघितलं. कुणी सांगितलं, असंसुद्धा विचारलं नाही.

मग सांगायला लागले, खाली बघून. एकदा सरावात मधली दारं बंद केली आणि दिवे गेले. असं पन्नास वेळा झालेलं, पण त्या वेळी छातीत काहीतरी धरलं. भिंती जवळ यायला लागल्या. दार बडवलं, ओरडलो, चौघांनी धरून बसवलं. पुढच्या वेळी बोटीत पाय टाकायलाच जमेना. डॉक्टरनं वर पाठवलं. तिथं कुणी हसलं नाही, म्हणाले, असं कुणाचंही होतं. बिल्ला ठेवायला परवानगी दिली. मला दया आली, आणि दयेच्या खाली राग होताच.

मी म्हटलं, मामांना मी काही सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही. पण मला घेऊन चला. यांनी मान हलवली. पाणबुडीवाल्यांना क्वार्टर नसतं, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे; तुला नेलं, की आबाला कळणारच ना, म्हणाले.

मी म्हटलं, "सांगू, नियम बदलला. आता पाणबुडीवाल्यांनाबी क्वार्टर द्यायलेत. ताडकळसातून कोण तपासायला जातंय तिथं?"

इतकं सोपं होतं. तीन वर्षं, आणि एका वाक्याचं काम. मला वाटलं, यांचा चेहरा उजळेल. उजळला नाही, पडला. तेव्हा मला कळलं, की हे मामांपासून लपवतच नव्हते.

"आबाला कायबी सांगता आलं असतं," हे म्हणाले. "तुला कसं सांगावं, ते कळत नव्हतं. तुजी पत्रं सगळी बोटीचीच. म्हटलं, बोटच न्हाई म्हटल्यावर ही लिहील कुणाला?"

मी भडकले. माझ्यावर ढकलता काय, स्वतः खोटं बोलायचं आणि खापर माझ्यावर, असं बरंच बोलले. यांनी उठून आपली ट्रंक उघडली. तळाशी माझी सगळी अंतर्देशीयं होती, साल लावून, दोरीनं बांधलेली. गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "यात एक काढ, ज्यात मी हाय."

मी काढायला बसले. रागानंच बसले, तोंडावर फेकायचं म्हणून. पहिलं पत्र: फटी किती. दुसरं: डेकचा रंग. बिजागरी, नांगर, पंख्याच्या पात्याची जाडी. मामांची तब्येत बरी आहे. मामांची तब्येत बरी आहे. ज्या आठवड्यात दिवे गेले, त्या आठवड्यातलंही पत्र होतं. त्यात मी पेरिस्कोपची उंची विचारली होती आणि घाईनं कळवा म्हणून खाली रेघ मारली होती. मी शेवटपर्यंत गेले. एकाही पत्रात, तुम्ही कसे आहात, एवढं साधं वाक्य नव्हतं. मला वाटत होतं, मी तेच विचारते आहे. प्रत्येक पत्रात तेच विचारते आहे. पण कागदावर ते कुठंच नव्हतं, आणि कागद घेऊन एकटा बसलेला माणूस कागदावर असेल तेवढंच वाचणार.

ती सुट्टी आम्ही एकमेकांना सांभाळून काढली. गावी गेलो, मामांना नियम बदलल्याचं मीच सांगितलं. ते खूश झाले, सरकारला उशिरा का होईना अक्कल आली, म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला सांगून आले. हे शेजारी उभे होते, पण हो किंवा नाही काहीच म्हणाले नाहीत. स्टेशनवर गाडी हलली, तेव्हाही, ये असं म्हणाले नाहीत. बघतो, म्हणाले. आणि बघतो या शब्दावर माणूस किती वर्षं काढतो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

चार दिवसांनी मी अंतर्देशीय घेऊन टेबलाशी बसले. बोटीचं अक्षरही लिहायचं नाही, असं ठरवून बसले, तर काय लिहावं तेच सुचेना. पाच वर्षं दर आठवड्याला पत्र टाकणारी मी, पेन उघडून तासभर बसून राहिले. 'तुम्ही कसे आहात' लिहिलं, तर ते परक्याला लिहिल्यासारखं वाटलं. लाज वाटत होती. बत्तीस वर्षांची बाई, स्वतःच्या नवऱ्याला लिहायला लाजत होते, आणि साहेब लोक वाचतील तर वाचोत, असं मनाला बजावत होते. शेवटी लिहिलं, 'मला इथं करमत नाही.' त्याच्या पुढं काही आलं नाही. सही केली, कडा चिकटवल्या आणि क्लासला जाताना पेटीत टाकलं.

उत्तराला तीन आठवडे लागले. यांचं पत्र एरवी शाळेत शिकवलेल्या शुद्ध भाषेत, पानभर असायचं. हे चार ओळींचं होतं. क्वार्टरचा अर्ज दिला आहे, नंबर लागायला वर्ष जाईल, तोवर एक भाड्याची खोली बघून ठेवली आहे. शेवटची ओळ मात्र यांनी घरात बोलतात तशी लिहिली होती: 'मलाबी न्हाई करमत, पयल्या दिसापासून न्हाई.'